धर्मराजाची शिरगणती : भारतीय युद्धातील संख्यांचे एक साशंक वाचन

युद्ध संपले आहे. कुरुक्षेत्रावर कौरवस्त्रियांचा विलाप होऊन गेला आहे, गांधारीने श्रीकृष्णाला शापही देऊन झाला आहे, आणि अशा वेळी आंधळा धृतराष्ट्र युधिष्ठिराला एक हिशेबी प्रश्न विचारतो. जिवंत सैन्याचे प्रमाण तुला ठाऊक होते. आता मेलेल्यांचे ठाऊक असेल तर तेही सांग, असा त्या प्रश्नाचा आशय आहे. युधिष्ठिर अडखळत नाही. ह्या युद्धात १६६ कोटी २० हजार माणसे पडली, असे तो सांगतो. आणि त्यांखेरीज जे वीर दिसेनासेच झाले, त्यांची संख्या २४,१६५.

दीडशे कोटींच्याही पलीकडचा एक आकडा, आणि त्याच्या शेजारी शेवटचे पाच बेपत्ता वीरही न विसरणारा दुसरा! पहिला ऐकून श्रोत्याने दिपून जावे आणि दुसरा ऐकून त्याची खात्री पटावी, अशी ही योजना दिसते. उधारीच्या वहीत मोठी रक्कम अंदाजाने मांडून तिच्याखाली साडेतीन आण्यांची बाकी मात्र काळजीपूर्वक दाखवणारे दुकानदार ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ती नवीन वाटणार नाही. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ मध्ये सुरू झाले आणि १९६६ मध्ये पुरे झाले. त्या प्रदीर्घ छाननीत कितीतरी श्लोक मूळ संहितेतून तळटीपांत गेले. हा आकडा मात्र जागच्या जागी राहिला. तेव्हा कुणा झोपाळू नकलकाराच्या हातून दोन शून्ये अधिक पडली असावीत, असे म्हणून सुटण्याची सोय नाही. स्त्रीपर्वाच्या ह्या शेवटच्या भागाचे वाचन करावयाचे, तर आकड्याला तोंड द्यावयास हवे.

त्यासाठी प्रथम अक्षौहिणीकडे वळले पाहिजे. अक्षौहिणी म्हणजे नेमके किती, हा प्रश्न नैमिषारण्यातील ऋषींनाही पडला होता. बारा वर्षांच्या सत्राला बसलेल्या मंडळींना असे प्रश्न पडावयास सवड असते. आदिपर्वात ते सौतीला विचारतात आणि सौति कोष्टक घडाघडा म्हणून दाखवतो. एक रथ, एक हत्ती, तीन घोडे व पाच पायदळ मिळून एक पत्ति. तीन पत्तींचे एक सेनामुख. तीन सेनामुखांचा एक गुल्म. आणि असेच पुढे गण, वाहिनी, पृतना, चमू, अनीकिनी. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीच्या तिप्पट. आणि दहा अनीकिनींची एक अक्षौहिणी. बेरजा अशा येतात : रथ २१,८७०, हत्ती २१,८७०, घोडे ६५,६१०, पायदळ १,०९,३५०, एकूण २,१८,७००. ह्या प्रत्येक संख्येतील अंकांची बेरीज १८ भरते. पर्वे १८, युद्धाचे दिवस १८, गीतेचे अध्याय १८ आणि सैन्य १८ अक्षौहिणी, ह्यांच्याशी त्या बेरजेचे गूढ नाते जोडणारे भाविक अद्यापही भेटतात. गूढ इतकेच, की तिनाला तिनाने गुणत गेले म्हणजे संख्या नवाच्या पाढ्यात येऊन पडते, आणि नवाच्या पाढ्यातील कोणत्याही संख्येच्या अंकांची बेरीज नवाच्याच पटीत असते. पाढे पाठ करून घेण्याची चाल होती तोवर हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असे.

वस्तुतः कोष्टकाचा हा सुबकपणाच संशयाला जागा देतो. खरे सैन्य तिनाच्या पटीत कधी उभे राहत नाही. त्यात कोणी आजारी असतो, कोणी रात्रीतून पळालेला असतो, कुणाचा घोडा लंगडा असतो, आणि एखादा सरदार कबूल केलेल्या स्वारांपैकी निम्मेच आणून खर्च मात्र पुऱ्यांचा मागतो. पेशवेकालीन कागद चाळणाऱ्यांना हे निराळे सांगावयास नको. सौतीच्या अक्षौहिणीत एकही घोडा लंगडा नाही, ह्यावरूनच ती कुठल्या तबेल्यातली आहे हे ओळखावे.

आणखी गंमत अशी, की उद्योगपर्वात दुसरेच कोष्टक येते. तेथे पाचशे हत्ती व तितकेच रथ म्हणजे एक सेना, आणि पुढील पायऱ्या दहाच्या पटीने चढतात. त्याच ठिकाणी कवी एक कबुलीही देऊन टाकतो. वाहिनी, पृतना, सेना, ध्वजिनी, चमू, अक्षौहिणी, वरूथिनी ही सारी पर्यायी नावे होत, असे तो म्हणतो. म्हणजे आदिपर्वात ज्या शब्दाची किंमत २,१८,७०० अशी एककापर्यंत ठरलेली आहे, तोच शब्द उद्योगपर्वात ‘मोठी फौज’ एवढ्याच अर्थाने चालतो. अक्षौहिणीच्या आकड्यांवरून वाद घालणाऱ्या दोन्ही पक्षांनी हे स्थळ नजरेआड केलेले दिसते. वाद मिटला असता, हे त्याचे कारण असू शकेल.

तरीपण आदिपर्वाचे कोष्टक क्षणभर खरे मानू. कौरवांच्या ११ आणि पांडवांच्या ७ अक्षौहिणी मिळून ३९,३६,६०० एवढी संख्या होते. तीत हत्ती ३,९३,६६०. आज सबंध भारतात रानहत्तींची संख्या तीस हजारांच्या आत आहे. मोठा हत्ती दिवसाकाठी सुमारे दीडशे किलो चारा खातो असे धरले, तर ह्या गजदळाला रोज ५९ हजार टन चारा हवा. रथाला चार घोडे धरले, तर रथांचे १५,७४,६४० आणि स्वारांचे ११,८०,९८० मिळून साडेसत्तावीस लाख घोडे त्याच चाऱ्यावर हक्क सांगावयास उभे. प्रत्येक रथाला तीन मीटर रुंदीची जागा देऊन सर्व रथ चाकाला चाक लावून एका रांगेत मांडले, तर ती रांग ११८० किलोमीटरांची होईल. तिचे एक टोक कुरुक्षेत्रावर रोवले तर दुसरे सरळ दक्षिणेस नागपूर ओलांडून जाते. धर्मक्षेत्र एवढे विस्तीर्ण असते तर वादाचे कारणच उरले नसते. पाच गावे त्यात कुठेही निघाली असती.

कवीला ह्या अडचणीची जाणीव नव्हती असे नाही. दुर्योधनाकडे सैन्य गोळा होऊ लागले तेव्हा हस्तिनापुरात जागा उरली नाही, असे तो उद्योगपर्वात स्पष्ट सांगतो. मग ते सैन्य पंचनद, कुरुजांगल, रोहितकारण्य, मरुभूमी, अहिच्छत्र, गंगेचा काठ, यमुनेकडील डोंगर असे पसरत जाते. सैन्य मावत नाही हे त्याला कळते. त्यावर तो सैन्य कमी करीत नाही, भूगोल वाढवतो. बी. बी. लाल ह्यांनी १९५० ते १९५२ ह्या काळात हस्तिनापुरास उत्खनन केले. ज्या थराचा संबंध त्यांनी भारतकथेशी जोडला, त्या थरात राखी रंगाची चित्रित मृद्भांडी आणि मातीच्या वा कुडाच्या भिंतींची घरे, एवढीच संपत्ती हाती लागली. त्या गावात जागा उरली नाही, हे विधान मात्र पूर्णपणे विश्वसनीय आहे. ती संपावयास अकरा अक्षौहिणींची गरज नव्हती.

श्रीकृष्णाने दुर्योधनाला देऊ केलेल्या नारायण नावाच्या गोपांची गोष्ट ह्याहून अवघड आहे. त्यांची संख्या एक अर्बुद, म्हणजे दहा कोटी, सांगितली आहे. दुर्योधन त्यांना आनंदाने पदरात घेतो. परंतु दुर्योधनाचे सगळे सैन्य अकरा अक्षौहिणी, म्हणजे २४,०५,७००. चोवीस लाखांच्या फौजेत दहा कोटी गोप कुठे उभे केले, हे सांगण्याच्या फंदात कवी पडत नाही. घागरीत विहीर ओतण्याचाच हा प्रकार. एवढे गोप कोणत्या व किती गायी राखीत होते, हा प्रश्न मी पशुसंवर्धनाच्या अभ्यासकांवर सोपवतो.

आता युधिष्ठिराच्या आकड्याकडे परत येऊ. सैन्याची एकूण संख्या ३९ लाख आणि मृत १६६ कोटी, ह्याचा भागाकार केला तर कुरुक्षेत्रावर उतरलेला प्रत्येक जीव ४२१ वेळा मेला, असे निघते. हत्ती-घोड्यांनाही सूट नाही. अठरा दिवस, रोजचे युद्ध बारा तासांचे, असा हिशेब धरला तर दर सेकंदाला २१०० हून अधिक माणसे पडावयास हवीत. इ. स. १९०० च्या सुमारास साऱ्या पृथ्वीच्या पाठीवर जेवढी माणसे होती, त्यांची संख्या साधारण ह्या आकड्याएवढीच भरते.

पुरातन युद्धकथांची अशी झडती घेणारे आपणच पहिले नव्हेत. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस ह्याने झर्क्सिसच्या स्वारीचे वर्णन करताना सैन्य व नोकरचाकर मिळून ५२,८३,२२० माणसे मोजली. पायदळ मोजण्याची युक्तीही त्याने दिली आहे : दहा हजार माणसे दाटीने उभी करून त्यांच्याभोवती कुंपण घालावयाचे आणि मग ते कुंपण पुन्हा पुन्हा भरावयाचे. परंतु आकडा सांगून झाल्यावर ह्यांना रोज धान्य किती लागले असेल, हा हिशेबही त्याने स्वतःच मांडला आणि स्वतःच थक्क झाला. सौतीला कोठाराची आठवण झाली नाही. एकोणिसाव्या शतकात नाताळचा बिशप कोलेन्सो ह्याने हाच मार्ग बायबलाच्या आरंभीच्या ग्रंथांना लावला. हा गृहस्थ बिशप होण्यापूर्वी शाळांसाठी अंकगणिताची पुस्तके लिहीत असे. मिसर देशातून सहा लाख लढवय्ये पुरुष आपल्या बायकामुलांसह बाहेर पडले, तर त्यांच्या छावणीचा विस्तार, पाणी, सरपण, मेंढरे ह्यांचे काय, असे प्रश्न त्याने १८६२ मध्ये छापून प्रसिद्ध केले. पुढील वर्षी केपटाऊनच्या वरिष्ठ धर्माधिकाऱ्याने त्याला पदच्युत केले. लंडनच्या न्यायपीठाने १८६५ मध्ये ती पदच्युती रद्द ठरवली, पण अंकगणितावर कुणी निकाल दिला नाही.

आपल्याकडे धर्मपीठांनी असा खटला भरला नाही. आपल्या पंडितांनी निराळी वाट काढली. एक पक्ष आकडे खरे करून दाखवतो. सारथी, माहूत, मोतद्दार, आचारी, वैद्य, शिंपी, भाट असे एकेक कामकरी मिळवीत तो अक्षौहिणी फुगवतो आणि फुगवून फुगवून कोटीच्या दिशेने चार पावले जातो. दुसरा पक्ष कात्री घेऊन बसतो. चिंतामणराव वैद्य ह्यांनी महाभारताचे व्यास, वैशंपायन आणि सौति असे तीन कर्ते मानले आणि अतिशयोक्तीचा पुष्कळसा भार सौतीच्या माथी मारला. वैद्यांची विद्वत्ता आणि मराठी वाचकांवरील त्यांचे ऋण ही दोन्ही मोठी आहेत. परंतु न पटणारे ते सौतीचे आणि पटणारे ते व्यासांचे, ही वाटणी फार सोयीची होते, हे म्हटल्यावाचून राहवत नाही. अशी वाटणी करणाऱ्याला आपल्या आवडीनिवडींचे दर्शन घडते, ग्रंथाचे घडतेच असे नाही. मूळ गाभा शोधण्याच्या ह्या हव्यासाविषयी डॉ. वि. सी. सुखटणकर ह्यांनी १९४२ मधील व्याख्यानांत पुरेसा इशारा दिला होता; ती व्याख्याने १९५७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. पाठचिकित्सेची कात्री ज्यांच्या हाती सर्वांत अधिकाराने होती, त्यांनीच हाती आलेला ग्रंथ आहे तसा समजून घेण्याचा आग्रह धरावा, ह्याला काही अर्थ आहे.

दोन्ही पक्ष एक गोष्ट गृहीत धरतात. ती ही, की कवी हिशेब देत आहे. तो हिशेब बरोबर आहे वा चुकला आहे. मला हे गृहीतच मान्य नाही. आकडा किती ह्याबरोबर तो कोणाच्या तोंडी आहे आणि कोणत्या क्षणी आहे, हे पाहिले पाहिजे. नाटकातील पात्राने केलेली बढाई आपण नाटककाराच्या नावे मांडीत नाही.

बढाईचे उत्तम उदाहरण उद्योगपर्वाच्या शेवटी आहे. पांडवांचे सैन्य किती दिवसांत संपवाल, असे दुर्योधन आपल्या योद्ध्यांना विचारतो आणि एखाद्या पुलाच्या कामाला निविदा याव्यात तशी उत्तरे येतात. भीष्म एक महिना म्हणतात, द्रोणही महिनाच म्हणतात, कृपाचार्य दोन महिने मागतात, अश्वत्थामा दहा दिवसांवर उतरतो, आणि कर्ण पाच दिवसांत काम पुरे करून देण्याचे कबूल करतो. ते ऐकून भीष्म मोठ्याने हसतात. इकडे ही वार्ता पांडवांच्या गोटात पोहोचते, तेव्हा अर्जुन निमिषमात्रात संपवण्याची भाषा करतो. आता भीष्मांनी आपल्या निविदेचा तपशील दिला आहे : रोज दहा हजार योद्धे आणि एक हजार रथी. सात अक्षौहिणी म्हणजे १५,३०,९००. रोज अकरा हजार ह्या दराने काम संपावयास १३९ दिवस लागतात, महिना नव्हे. भीष्मांना भागाकार येत नव्हता, की कवीला? मला वाटते, कवीला तो चांगला येत होता. कर्णाला हसणाऱ्या भीष्मांचा स्वतःचा हिशेबही साडेचारपटीने चुकलेला आहे, आणि सर्वांत कमी दिवस सांगणारा कर्ण सेनापतिपदी आल्यावर दोनच दिवसांत पडतो. भीष्मांचे हसू कर्णाच्या अंगावर येते, आणि आपले दोघांच्याही.

संजयाच्या बाबतीतही असेच घडते. व्यासांनी त्याला दिव्य दृष्टी दिली, म्हणजे त्याने हस्तिनापुरात बसून सर्व पाहावयाचे. पण भीष्म पडल्याची बातमी घेऊन तो रणभूमीवरून धावत येतो. आणि शल्यपर्वात तर सात्यकी त्याला रणातच पकडतो व तलवार उपसतो, तेव्हा व्यासांना स्वतः येऊन आपला वार्ताहर सोडवावा लागतो. घरबसल्या पाहण्याचे वरदान मिळालेला मनुष्य युद्धकैदी होतो, ह्याकडे आमच्या टीकाकारांनी विसंगती म्हणून बोट दाखवले आहे. ती आहेच. पण दुर्योधन मरताच संजयाची दिव्य दृष्टी नाहीशी होते, हा सौप्तिकपर्वातील तपशील आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. स्त्रीपर्वात धृतराष्ट्र मृतांची संख्या युधिष्ठिराला विचारतो त्याचे एक कारण हे, की त्याची स्वतःची खबर बंद झाली आहे. आता त्याला शत्रूच्या तोंडून ऐकणे भाग आहे.

आणि तो शत्रू कोण? येथे द्रोणपर्वातील हत्ती आठवावा. सौतीच्या कोष्टकाप्रमाणे कुरुक्षेत्रावर ३,९३,६६० हत्ती होते. ह्यांतील नाव लक्षात राहिलेले हत्ती किती? भगदत्ताचा सुप्रतीक, आणि मालवराज इंद्रवर्म्याचा अश्वत्थामा. त्यांतील दुसऱ्याला भीमाने मारले. आपल्याच पक्षाचा हत्ती, पण नाव उपयोगाचे होते. अश्वत्थामा मेला ही आरोळी द्रोणांच्या कानी गेली. त्यांनी विश्वास ठेवला नाही. युधिष्ठिर सांगेल तर खरे मानीन, असे म्हणून ते त्याच्याकडे वळले. युधिष्ठिराने वाक्य मोठ्याने उच्चारले आणि हत्ती हा शब्द अस्पष्ट पुटपुटला. ‘नरो वा कुंजरो वा’ हा वाक्प्रचार मराठीत घरोघर गेला तो ह्याच प्रसंगावरून. तोवर युधिष्ठिराचा रथ जमिनीपासून चार अंगुळे वरून चालत असे; त्या क्षणी तो जमिनीला टेकला.

ह्या जागी कवीची मोजणी पाहावी. जवळजवळ चार लाख हत्ती त्याने कोष्टकात बसवले, पण युद्ध फिरवण्यासाठी त्याला एकच लागला. कोटी आणि अर्बुद ह्यांची उधळण करणारा हा कवी सत्याची उंची मोजताना अंगुळांवर येतो. मोठ्या संख्या तो मूठमूठ फेकतो. लहान संख्यांना मात्र जपून हात लावतो. पाच गावे, रुतलेले एक चाक, मध्यरात्री छावणीच्या दारात उभे असलेले दोघे आणि आत शिरलेला तिसरा, ह्या संख्यांवर कुणा शंकेखोराला कधी बोट ठेवता आलेले नाही. ज्या मनुष्याच्या तोंडी एका हत्तीविषयी अर्धे सत्य घातले, त्याच मनुष्याच्या तोंडी महाभारतातील सर्वांत अविश्वसनीय आकडा घालावा, हा मला केवळ योगायोग वाटत नाही. रथ जमिनीवर आल्यानंतरचा हा युधिष्ठिर आहे.

धृतराष्ट्रालाही ते एकदम पटलेले नाही. आकडा ऐकल्यावर तो मृतांची गती विचारतो. युधिष्ठिर कोणत्या प्रकारे मेलेला कोणत्या लोकाला गेला ह्याची वर्गवारी देतो : हर्षाने मेलेले इंद्रलोकी, मन मारून मेलेले आणखी कुठे, पाठ दाखवताना मेलेले गुह्यकांकडे. त्यावर आंधळा राजा जो प्रश्न करतो, तो कोणाही संशोधकाने आपल्या टेबलावर लिहून ठेवावा असा आहे. हे सर्व एखाद्या सिद्धाप्रमाणे तू कोणत्या ज्ञानाच्या बळावर पाहतोस? युधिष्ठिराचे उत्तर असे, की वनवासात तीर्थयात्रा करताना लोमश ऋषींची भेट झाली, त्यांच्यापासून हे लाभले. आधार दिला गेला. पडताळणे शक्य नाही. आमच्या विद्यापीठांतही अशा तळटीपा अगदीच दुर्मीळ नसतात. पण साशंक वाचकाला मूठभर मांस चढावे अशी गोष्ट ही, की त्याची शंका कवीने त्याच्या आधीच विचारून ठेवली आहे, आणि तीही सबंध ग्रंथात ज्याला काहीच दिसत नाही अशा माणसाच्या तोंडून.

मग हा आकडा आहे तरी काय? त्याला समजून घ्यावयास आपल्याला फार दूर जावे लागत नाही. कुरुक्षेत्रापासून थोड्याच अंतरावर पानिपत आहे. तेथे १७६१ मध्ये जे घडले त्याची बातमी दक्षिणेत आली ती सावकारी भाषेत : मोत्ये किती गळाली हे सांगितले, मोहरा किती हरवल्या हे सांगितले, आणि रुपये व खुर्दा ह्यांची मोजदाद नाही असे सांगितले. मोत्ये म्हणजे कोण हे ऐकणाऱ्याला तत्काळ कळले. खुर्दा म्हणजे कोण, हे ज्याच्या त्याच्या घरी पुढे कितीतरी दिवसांनी कळले असेल, किंवा कळलेही नसेल. त्याच पानिपतावर सव्वा लाख बांगडी फुटली असे आपण आजही म्हणतो. बांगड्या कुणी मोजल्या नव्हत्या. सव्वा लाख ही तेथे गणना नव्हे. गणना सुटली ह्याची ती खूण आहे. युधिष्ठिराचे १६६ कोटी ह्याच जातीचे आहेत, असे माझे मत आहे. फरक इतकाच, की पानिपतच्या पत्रलेखकाने खुर्दा मोजता येत नाही हे कबूल केले, आणि युधिष्ठिराने तो मोजून दाखवण्याचा आव आणला. बेपत्ता २४,१६५ हा आकडा तर मला सर्वांत करुण वाटतो. कोटींच्या ढिगात ज्याचा हात सुटला आहे, तो शेवटच्या पाचांना धरून बसतो.

धृतराष्ट्राचा ह्यानंतरचा प्रश्न संख्येचा नाही. ज्यांचे कोणी आहे आणि ज्यांचे कोणी नाही, अशा सर्वांची प्रेते विधिपूर्वक जाळली जातील ना, असे तो विचारतो. इतके मेले आहेत, आपण कोणाकोणाचे करणार, असेही म्हणतो. त्यांतील पुष्कळांना गिधाडे ओढीत आहेत. शंभर पुत्रांचा बाप येथे प्रथमच दुसऱ्यांच्या मुलांविषयी बोलतो. ह्या एका प्रश्नापुढे अक्षौहिणीची सर्व कोष्टके मला फोल वाटतात, आणि त्यांना हसण्यात मी जे दोन संध्याकाळचे तास घालवले तेही.

युधिष्ठिर ह्या वेळी आकडा सांगत नाही. तो सुधर्मा आणि धौम्य हे पुरोहित, विदुर, संजय, युयुत्सू आणि इंद्रसेनादी सेवक ह्यांना कामाला लावतो आणि अनाथासारखे कोणाचेही शरीर नष्ट होऊ देऊ नका, अशी आज्ञा करतो. दिव्य दृष्टी गेलेला संजय आता लाकडे गोळा करीत आहे. युयुत्सू हा धृतराष्ट्राचाच पुत्र. युद्धारंभी तो पांडवांकडे आला. युद्धातून वाचलेले दहा, आमचे तीन आणि पांडवांचे सात, अशी जी प्रसिद्ध गणना आदिपर्वात धृतराष्ट्र स्वतः करतो, तीत हा जिवंत मुलगा नाही. धरले तर अकरा होतात. दहांची मोजणी चुकवणाऱ्या बापाला कोटींची मोजणी ऐकवली जात आहे.

चंदन, अगुरू, तूप, तेल, वस्त्रे आणली गेली. मोडलेले रथ आणि विखुरलेली शस्त्रेही सरपणात घातली. रथांचा ह्याहून खात्रीलायक हिशेब महाभारतात नाही. राजांना मानाच्या क्रमाने आणि नावानिशी अग्नी दिला : दुर्योधन व त्याचे भाऊ, शल्य, भूरिश्रवा, जयद्रथ, अभिमन्यू अशी ती यादी लांबत जाते. नंतर नाना देशांतून आलेले, ज्यांचे तेथे कोणीच नव्हते, त्यांना एकत्र आणून ढीग रचले. ते हजारो ढीग विदुराने तेलात भिजवलेल्या लाकडांवर जाळले. येथे कवी नाव देत नाही आणि कोष्टकही देत नाही. सहस्रशः एवढाच सैल शब्द वापरून तो थांबतो.

त्यानंतर सर्वजण गंगेवर जलदानासाठी गेले. स्त्रिया आपापल्या पित्याला, पुत्राला, पतीला पाणी देत असता कुंती एकाएकी बोलू लागली. ज्याला तुम्ही सूतपुत्र म्हणून ओळखता आणि ज्याला अर्जुनाने मारले, तो कर्ण तुमचा वडील भाऊ होता. त्यालाही पाणी द्या. मृतांची संख्या नुकतीच सांगून आलेला युधिष्ठिर हे ऐकत उभा होता. त्याने कर्णाच्या स्त्रियांना बोलावून आणले, आणि त्यांच्यासमवेत त्याचे प्रेतकार्य केले.